बाळांच्या मेंदूच्या विकासावर संशोधन करणाऱ्या लॅबमध्ये नेमकी कोण माणसं असतात? मी बालशिक्षण शिकले आहे. तिथे काम करायला न्यूरोसायन्सच शिकावं लागतं का?

नाही, लागत नाही. मी मानसशास्त्र शिकले आणि अशा लॅबमध्ये नऊ वर्षं सेशन को-ऑर्डिनेटर होते.

पहिल्या प्रश्नाला बहुतेकजण एक ठरलेली यादी देतात: लॅबप्रमुख, पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक), पीएचडीचे विद्यार्थी 'आणि इतर तांत्रिक कर्मचारी'. मला त्या 'इतर'बद्दल लिहायचंय, कारण बाळाच्या डोक्यावर हात त्यांचा असतो.

सहा महिन्यांच्या बाळाचं ईईजी सेशन, म्हणजे डोक्यावरून मेंदूच्या विद्युत लहरी टिपणं, कसं होतं ते सांगते. बाळ आईच्या मांडीवर. मी टेपने डोक्याचा घेर मोजते, त्यावरून नेटचा, म्हणजे डोक्यावर बसणाऱ्या सेन्सरच्या जाळीचा, साइज ठरतो. मग नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत मोजून, दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे खुणेच्या पेन्सिलीने बारीक फुली मारते. १२८ स्पंजांचं नेट कोमट खारट पाण्यात भिजवलेलं असतं, त्यात बेबी शॅम्पूचे थेंब असतात, म्हणजे केसांतून ओलावा कातडीपर्यंत पोचतो. नेट दोन्ही हातांनी ताणून एका दमात बसवायचं. दुसऱ्यांदा प्रयत्न केला की बाळ रडतं आणि सेशन संपतं. त्याच वेळी समोर दुसरी मुलगी साबणाचे बुडबुडे उडवत असते, आणि बाहेर स्क्रीनसमोर बसलेला तिसरा माणूस सांगत असतो, डावीकडचा खालचा स्पंज कोरडा आहे, दाबा. एवढं सगळं करून बाळ आपल्याला दहा मिनिटं देतं. मेंदूचा सिग्नल मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांत मोजायचा. बाळाने नुसतं तोंड हलवलं तरी स्नायूंचा सिग्नल त्यावर चढतो.

आता जे मनात राहिलंय ते. आमचा एक अभ्यास वेळेआधी जन्मलेल्या बाळांवर होता. त्यांचं वय अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजून सहा महिने भरल्यावर त्यांना बोलवायचं आणि पूर्ण दिवसांच्या बाळांशी तुलना करायची. पहिल्या निकालात वेळेआधी जन्मलेल्यांमध्ये संथ लहरी, सेकंदाला तीन ते पाच आवर्तनांच्या, स्पष्ट जास्त आल्या. पोस्टडॉकने मीटिंगमध्ये आलेख दाखवला: मेंदूची परिपक्वता मागे पडतेय. सगळ्यांना पटलं, कारण ते पटण्यासारखंच होतं. वय वाढतं तसं संथ लहरींचं प्रमाण घटतं आणि वेगवान लहरींचं वाढतं. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० साली १३६ मुलांवर सुरू झालेल्या प्रकल्पातही अनाथालयासारख्या संस्थेत वाढणाऱ्या मुलांमध्ये थीटा (संथ लहरी) जास्त आणि अल्फा (त्याहून वेगवान लहरी) कमी दिसला होता. गोष्ट आधीच तयार होती, आमचा आलेख तिच्यात चपखल बसला.

मला मात्र त्या आलेखात गुरुवार दिसत होते. वेळेआधी जन्मलेली बाळं आमच्याकडे गुरुवारी हॉस्पिटलमधली तपासणी उरकून यायची, दुपारी दोनच्या पुढे. सकाळपासून जागी, दुपारची झोप बुडालेली. पूर्ण दिवसांची बाळं सकाळी दहाला, ताजीतवानी. माझ्या सेशनच्या वहीत ओळी होत्या: 'डोळे जड.' 'तीन जांभया.' 'बुडबुड्यांकडे बघत नाही, डोकं आईच्या छातीवर.' आणि पेंग आलेल्या बाळाच्या मेंदूत नेमक्या त्याच मोठ्या, संथ लहरी उमटतात. हे कुठल्याही बालरोग ईईजीच्या पुस्तकात आहे. बाळ झोपाळलेलं आहे हे मात्र पुस्तक सांगत नाही, ते खोलीतल्या माणसालाच दिसतं.

मी मीटिंगमध्ये हे सांगितलं. पोस्टडॉक म्हणाला, "वहीतल्या नोंदी म्हणजे डेटा नव्हे."

मग डेटा करू, असं मी म्हटलं. सगळ्या सेशनचे व्हिडिओ होते. कोणतं बाळ कुठल्या गटातलं आणि आम्हाला काय शोधायचंय हे ठाऊक नसलेल्या दोन विद्यार्थिनींना बसवलं. दर दहा सेकंदांना बाळ जागं की पेंगलेलं एवढंच नोंदवायचं. पहिल्या फेरीत दोघींच्या नोंदी जुळल्याच नाहीत, कारण 'अर्धवट मिटलेले डोळे' म्हणजे काय हे मी नीट लिहून दिलं नव्हतं. चूक माझी होती. व्याख्या बदलली: पापणीने बुबुळ निम्मं झाकलेलं आणि तसंच तीन सेकंद टिकलेलं. पुन्हा पहिल्यापासून. चार आठवडे लागले, पण दोघींमधला 'कप्पा', म्हणजे दोघींच्या नोंदी किती जुळतात त्याचा आकडा, वर आला. पेंगलेले तुकडे काढून टाकल्यावर तो फरक बराचसा विरला. उरला तेवढ्यावर कुणी परिपक्वतेची गोष्ट सांगायला धजावलं नसतं.

त्यानंतर मी एकोणीस घरांना फोन केले, बाळाला पुन्हा आणाल का, यावेळी सकाळी. त्या आया आधीच हॉस्पिटलच्या फेऱ्यांनी थकलेल्या होत्या. बारा आल्या. आल्या त्या विज्ञानासाठी नाही आल्या. आधीच्या वेळी आम्ही बाळाशी नीट वागलो होतो म्हणून आल्या.

पेपर सुधारून छापला गेला. माझं नाव शेवटी आभारात, 'तांत्रिक साहाय्याबद्दल'. त्या दोन विद्यार्थिनींचंही तिथेच. लॅबप्रमुख मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, लेखक कुणाला म्हणायचं याचे नियम आहेत. मी ते नियम वाचले. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या समितीच्या चार अटी आहेत: आराखडा, डेटा मिळवणं किंवा त्याचं विश्लेषण यांत भरीव वाटा; मसुदा लिहिणं किंवा त्यावर बौद्धिक टीका करून सुधारणा करणं; अंतिम मान्यता; आणि जबाबदारी. डेटा मिळवणं पहिल्याच अटीत आहे. मसुदा मला दाखवलाच नाही, मग दुसरी अट मी पूर्ण कशी करणार? त्याच नियमांत स्पष्ट लिहिलंय की मसुदा वाचायची संधी नाकारून कुणाला लेखकपदावरून वगळू नये. हे मी तेव्हा म्हटलं नाही. आज म्हणते.

म्हणून माझा पहिला सल्ला अभ्यासक्रमाबद्दल नाहीच. मुलाखतीला जाल तेव्हा विचारा: सेशन घेणाऱ्यांना, व्हिडिओ बघून नोंदी करणाऱ्यांना इथे लेखक करतात का? बरीच नियतकालिकं आता कोणी काय केलं ते १४ प्रकारच्या कामांत वाटून छापतात. त्यात 'प्रत्यक्ष तपास' आणि 'डेटाची निगा' हे वेगळे प्रकार आहेत. लॅब ती यादी कधी भरते ते विचारा. अभ्यास सुरू होताना भरत असतील तर लॅब चांगली. पेपर पाठवायच्या आदल्या रात्री भरत असतील तर दुसरीकडे बघा.

ज्यांना हे हट्टाचं वाटतं त्यांच्यासाठी एक जुनं उदाहरण. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी दाखवलं की इंग्रजी घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतला 'त' आणि 'ट' यांतला फरक ओळखतात, आणि दहा-बारा महिन्यांपर्यंत बहुतेकांची ती क्षमता ओसरते. निष्कर्ष सगळे सांगतात. पद्धत अशी: आवाज बदलला की बाळाने मान वळवायची, वळवली की खेळण्यातलं जनावर उजळून हलतं. समोर बसलेली सहायक बाळाला खेळण्यांत गुंतवून ठेवते, आणि तिच्या व आईच्या कानांवर हेडफोनमध्ये संगीत चालू, म्हणजे आवाज कधी बदलला हे त्यांनाच कळत नाही आणि बाळाला नकळत इशारा जात नाही. बाळाला कंटाळू न देता, खेळण्यात पार गुंगूही न देता, मधल्या मापात ठेवणं हे त्या सहायकेचं काम. ते बिघडलं तर 'त' आणि 'ट'चा निकालच येत नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाचं राहिलेलं उत्तर थोडक्यात. लॅबमध्ये मानसशास्त्र, नर्सिंग, वाचा-श्रवण उपचार, इंजिनिअरिंग, संख्याशास्त्र अशा सगळ्या वाटांनी लोक येतात. घरांना फोन करून बाळं मिळवणारी माणसं असतात. झोपलेल्या बाळाला कान झाकून, न उठवता एमआरआयमध्ये सरकवणारी असतात, आणि हे मी पाहिलेलं सगळ्यात धीराचं काम आहे. पायथन किंवा मॅटलॅब, म्हणजे डेटा तपासायचं प्रोग्रॅमिंग, थोडं शिका, म्हणजे तुमच्याच डेटाबद्दल कुणी तुम्हाला गप्प बसवणार नाही. बालशिक्षण शिकलेल्या माणसाला बाळ रडायच्या वीस सेकंद आधी कळतं. हे सीव्हीत लिहा, स्पष्ट शब्दांत.

हे सगळं मी एकाच लॅबवरून, ईईजीवरून आणि तान्ह्या बाळांवरून बोलते आहे. पेशी किंवा प्राण्यांवर काम करणाऱ्या लॅबमध्ये कामाची वाटणी वेगळी असते. आणि त्या पोस्टडॉकबद्दल: सिग्नल कसा वाचायचा हे मला त्यानेच शिकवलं, आणि व्हिडिओंचा निकाल आल्यावर त्याने तो एका शब्दाने खोडला नाही. पुढच्या अभ्यासाच्या फॉर्ममध्ये 'बाळाची शेवटची झोप किती वाजता संपली?' हा रकाना त्याने स्वतः घातला. मी लॅब सोडली तेव्हाही तो होता, अगदी वर, जन्मतारखेच्या खाली.