'ओकी' म्हणजे 'घाटी' का?

प्रश्न असा आहे: जॉन फोर्डच्या 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' (१९४०) या चित्रपटात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातून पोटासाठी आलेल्या, जोड आडनावाच्या शेतकरी कुटुंबाला कॅलिफोर्नियातले लोक हिणवून 'ओकी' म्हणतात. मराठी उपशीर्षकांत त्याचं काय करायचं? 'स्थलांतरित' म्हणावं, 'निर्वासित' म्हणावं, की सरळ 'घाटी'?

'घाटी' ज्यांना सुचला, त्यांचा कान चांगला आहे. तरीही तो वापरू नये असं माझं मत आहे.

'ओकी' मुळात साधा शब्द. ओक्लाहोमाचा तो ओकी, जसा नगरचा तो नगरी. १९३० नंतर शेतमालाचे भाव कोसळले, दुष्काळ पडला, धुळीची वादळं उठली. त्यातच ट्रॅक्टर आले आणि वाट्याने जमीन कसणाऱ्यांची गरज संपली. ही माणसं मोडक्या मोटारींवर गाद्या-भांडी लादून ६६ नंबरच्या हमरस्त्याने कॅलिफोर्नियाकडे निघाली, आणि तिथे पोचेपर्यंत त्या शब्दाची शिवी झाली होती. मूळ कादंबरी जॉन स्टाइनबेकची, १९३९ची. तिच्यात कॅलिफोर्नियातून हात हलवत परतणारा एक माणूस जोड मंडळींना हेच सांगतो: पूर्वी ओकी म्हणजे ओक्लाहोमाचा, आता ओकी म्हणजे गलिच्छ, हलकट माणूस. चित्रपटात पेट्रोल पंपावरचे पांढऱ्या गणवेशातले दोन नोकर आपसात बोलतात, की या ओकींना अक्कल नाही, भावना नाहीत, माणसं असती तर अशी राहिली नसती.

गंमत अशी की हे लोंढे फक्त ओक्लाहोमाचे नव्हतेच. टेक्सास, आर्कान्सा, मिसूरी इथलेही होते. आर्कान्सावाल्यांना 'आर्की' असं वेगळं नाव होतं खरं, पण चिडलेला माणूस एवढा भूगोल पाहत नाही. सगळेच ओकी.

इथे 'घाटी' अगदी चपखल बसतो. कोकणातल्या माणसाला घाटी म्हणजे घाटावरचा, एवढंच. मुंबईत गिरण्यांत, गोदीत, ओझी उचलायला घाटावरून माणसं आली आणि शब्दाला वास चिकटला. पुढे अमराठी मुंबईकर कुठल्याही मराठी माणसाला घाटी म्हणू लागले, मग तो सात पिढ्या समुद्रकाठी राहिलेला मालवणी का असेना. गोव्यात कर्नाटकातून आलेला मजूरही घाटीच. दोन्ही शब्दांत गावाचं नाव पुढे केलंय आणि टोचलीय ती गरिबी. पैसेवाल्या ओक्लाहोमाकराला कोणी ओकी म्हणून हाकलत नव्हतं.

मग वापरायला हरकत काय? पडद्यावर कॅलिफोर्नियाचं पीचचं रान आणि तोंडी 'घाटी', म्हणजे प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे लालबाग उभं राहणार. शिवाय गिरणीतल्या माणसाचं गाव शाबूत होतं. मनिऑर्डर जायची, जत्रेला रजा काढता यायची. जोडांच्या मागे काही उरलेलं नाही. त्यांचा शेजारी म्युली ग्रेव्हज, त्याचं घर ट्रॅक्टरखाली जातं, आणि ट्रॅक्टर चालवणारा शेजाऱ्याचाच पोर असतो.

'निर्वासित' नको, कारण आपल्याकडे त्या शब्दावर १९४७ची फाळणी बसली आहे. 'विस्थापित' म्हटलं की धरण आठवतं. 'स्थलांतरित' चूक नाही, पण तो अहवालातला शब्द. मा जोड, म्हणजे त्या घरातली आई, स्वतःबद्दल असं कधीच म्हणणार नाही. ती म्हणेल, 'जगायला चाललोय'. दुष्काळात गाव सोडणारी आपली माणसं हेच म्हणतात.

याच ओघात आणखी एका शब्दाबद्दल सांगतो, कारण तिथे चूक व्हायची शक्यता जास्त. जोडांना 'कुळं' म्हणायचा मोह होईल. मराठी कानाला कूळ म्हटलं की १९४८चा कूळकायदा ऐकू येतो, १ एप्रिल १९५७चा कृषक दिन आठवतो, म्हणजे कसणाऱ्याला जमिनीवर हक्क आहे असं गृहीत धरलं जातं. म्युलीच्या आजोबांनी ती जमीन धरली, बाप तिथेच जन्मला, तरी कागदावर शून्य. बंदूक रोखायची तर कोणावर, हेही त्याला कळत नाही: जमीन सोडायची नोटीस आणणारा कंपनीकडे बोट दाखवतो, पुढे बँक निघते. म्हणून 'वाटेकरी' किंवा 'वाट्याने कसणारे' बरं.

तर 'ओकी' तसाच ठेवा. एक अडचण आहे: मराठीत 'ओकी' वाचलं की 'ओकंबोकं' आठवतं, आणि भलत्याच वेळी 'ओकणे'ही. संबंध अर्थातच काही नाही. ओक्लाहोमा हे नाव चोक्तॉ या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं, 'ओक्ला' म्हणजे लोक आणि 'होमा' म्हणजे लाल. पहिल्या वेळी 'हे ओक्लाहोमाचे ओकी' असं लिहा, पुढे नुसतं ओकी. हेटाळणी आणायची ती आजूबाजूच्या शब्दांतून आणा: 'ही ओक्यांची जत्रा', 'आला बघ ओकी'. अनेकवचन मराठी पद्धतीने चालवलं तर बोलण्यात जास्त मुरतं.

एकच ध्यानात ठेवा, हा तिरस्कार त्या काळापुरता आहे. १९६९मध्ये मर्ल हॅगर्ड या गायकाने 'ओकी फ्रॉम मस्कोगी' (मस्कोगी हे ओक्लाहोमातलं गाव) हे गाणं काढलं तेव्हा ओकी ही मिरवायची गोष्ट झाली होती. हॅगर्डचा जन्म कॅलिफोर्नियातला, आईवडील ओक्लाहोमातून आलेले. त्या गाण्याच्या उपशीर्षकात 'लेकाचा ओकी' लिहिलंत तर अर्थच उलटा होईल.