ओलेड पडद्यावरची पुसट सावली

प्रश्न : माझ्या चार वर्षे जुन्या मोबाइलच्या ओलेड पडद्यावर पांढरे पान उघडले की वरच्या कडेला घड्याळाची आणि बॅटरीच्या चिन्हाची पुसट सावली दिसते. असे का होते?

उत्तर : ओलेड पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाश देतो आणि देता देता झिजतो. त्यामुळे जिथे तेच चिन्ह वर्षानुवर्षे उजळत राहते, तिथले ठिपके शेजारच्यांपेक्षा आधी मंदावतात. ही असमान झीजच तुम्हाला सावलीसारखी दिसते. सर्वांत लवकर थकतो तो निळा रंग. निळ्या प्रकाशकणाची ऊर्जा सुमारे २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचे सूक्ष्म एकक), म्हणजे लाल आणि हिरव्यापेक्षा जास्त असते; त्यात ठिपक्यातले दोन उत्तेजित, म्हणजे विजेची ऊर्जा घेऊन प्रकाश द्यायच्या बेतात असलेले, रेणू एकमेकांशी भिडले, तर दोघांची ऊर्जा एकावर एकवटून त्याचा रासायनिक बंधच तुटू शकतो आणि उरलेले तुकडे शेजारच्या रेणूंचाही प्रकाश मारतात. म्हणूनच अनेक पडद्यांत निळे ठिपके मुद्दाम मोठे ठेवतात, कारण क्षेत्रफळ वाढले की विजेच्या प्रवाहाची घनता, म्हणजे तेवढ्याच जागेतून जाणारा प्रवाह, कमी होते आणि झीज मंदावते. (बाष्प शिरल्याने पडणारे काळे डाग हा वेगळा दोष आहे.) झालेली झीज दुर्दैवाने भरून येत नाही, मात्र प्रखरता कमी ठेवल्यास आणि गडद पार्श्वभूमी वापरल्यास पुढची झीज निश्चित मंदावते.