किटलीवरची उभी रेघ

प्रश्न : खुर्ज्याहून चिनी मातीची किटली आणली. पोटावर समोरासमोर दोन बारीक उभ्या रेघा दिसतात. ही यंत्रातून निघालेली आहे का? हाताचं काम म्हणून घेतली होती. – एक वाचक, सांगली

उत्तर : यंत्रातून नव्हे, साच्यातून. रेघा दिसतात ते साच्याच्या दोन भागांचे सांधे. शाडूच्या मूर्तीसाठी आपल्याकडे साच्यात माती थापतात. इथे ती ओततात. प्लास्टर ऑफ पॅरिसचा कोरडा साचा घट्ट बांधून त्यात पातळ माती, म्हणजे स्लिप, काठोकाठ भरायची, तीही न थांबता, नाहीतर आडवे वळ उठतात. प्लास्टर पाणी शोषतं आणि आतून मातीचा थर धरू लागतो. पातळी उतरेल तशी भर घालायची. १५-२० मिनिटांत थर ४-५ मिलिमीटरचा झाला, की उरलेली स्लिप परत बादलीत.

खरी कसोटी ती स्लिप कालवण्यात. नुसत्या पाण्याने माती सैल केली तर साचा लगेच ओला होतो, भांडं फार आकसतं आणि तडकतं. म्हणून किलोभर कोरड्या मातीला साधारण ४०० मिलिलिटर पाणी आणि अवघं ३ ते ५ ग्रॅम सोडियम सिलिकेट. त्याने मातीचे कण एकमेकांपासून दूर राहतात आणि एवढ्याशा पाण्यातही माती दाट बासुंदीसारखी वाहते. प्रमाण मातीगणिक बदलतं, त्यामुळे मी प्रत्येक नव्या पोत्याची आधी थोडी स्लिप करून पाहते.

आणि हाताचं काम? किटलीत ते भरपूर आहे. चोच आणि कान बहुधा वेगळ्या साच्यांतले. चहापत्ती अडवणारी भोकं चोच जोडण्याआधीच पाडावी लागतात. तिन्ही भाग सारखेच ओलसर असताना त्याच स्लिपने चिकटवायचे. एक जरी जास्त सुकला असेल तर जोड सुटतो. मग सुरीने सांधा खरवडायचा, ओल्या स्पंजने पुसायचा. एवढं करूनही भट्टीत तो पुन्हा उमटू शकतो, कारण सांध्यापाशी मातीचे कण वेगळ्या दिशेने बसलेले असतात. तेव्हा रेघ दिसली म्हणून कारागिराने हयगय केली असं कृपया समजू नका.

किटली घेताना मी रेघ बघत नाही. झाकण नीट बसतं का आणि चोचीची धार स्वच्छ तुटते का, हे पाणी भरून पाहते.