वन्सं आल्या की किंचाळतो

प्रश्न : मुलगा नऊ महिन्यांचा आहे. आधी गल्लीत कुणाकडंही हसत जायचा. आता धारवाडच्या वन्सं दिसल्या की किंचाळतो. मी न्हाणीत गेले तरी दाराशी रडत बसतो. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. वन्संना वाटतं, त्या कन्नड बोलतात म्हणून बुजतो. पुढच्या महिन्यापासून मला बेळगावला कामावर जायचंय, तेव्हा तो सासूबाईंकडं राहील. त्याची नजर चुकवून निघावं का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : नजर चुकवून अजिबात निघू नका. आई कधीही गायब होते हे एकदा कळलं की मूल ती समोर असतानाही चिकटून बसतं, रात्री दचकून उठतं.

सात-आठ महिन्यांच्या सुमारास बाळाला घरचं माणूस आणि परकं माणूस यांतला फरक नीट कळू लागतो. दिसेनाशी झालेली आई कुठंतरी आहे, हेही उमगतं. ती परत कधी येणार, एवढंच कळत नाही. म्हणून न्हाणीच्या दाराशी रडणं. आईमागचं हे रडणं साधारण दहा ते अठरा महिन्यांत जास्त असतं, पुढं दोन-तीन वर्षांपर्यंत ओसरतं. दृष्ट काढायची तर काढू द्या, फक्त मिरच्यांचा धूर बाळाजवळ नको.

महिना हातात आहे. तुम्ही घरात असतानाच सासूबाईंनी एक वेळचं भरवणं आणि दुपारचं निजवणं आपल्याकडं घ्यावं. चार-पाच दिवसांनी तुम्ही दुकानापर्यंत दहा मिनिटं जाऊन या. मग अर्धा तास, दोन तास, शेवटच्या आठवड्यात अर्धा दिवस. निघताना त्याचं पोट भरलेलं आणि झोप झालेली असावी. रोज तेच शब्द, ‘आई जाऊन येते’, आणि निघायचं. रडतोय म्हणून दारातून परत फिरलात की रडणं लांबतं. सासूबाईंनी ‘गप्प बस’ न म्हणता कडेवर घेऊन ‘आई गेली, होय रे’ म्हणावं आणि अंगणात न्यावं. बहुतेक मुलं थोड्या वेळात रमतात. संध्याकाळी तुम्हाला बघून तो पुन्हा भोकाड पसरेल. त्यावरून सासूबाईंनी नीट सांभाळलं नाही, असा अर्थ काढू नका.

वन्संनी आल्या आल्या उचलू नये. चटईवर बसून तुमच्याशीच गप्पा माराव्यात, त्याच्याकडं रोखून बघू नये, जवळ वाटी-चमचा ठेवावा. तो रांगत येईल तेव्हा ‘बा, बा’ (कन्नडमध्ये ‘ये, ये’) म्हणावं. कन्नडचा इथं काही दोष नाही. मराठी बोलणाऱ्या परक्यालाही तो असाच रडेल. दोन्ही भाषा कानावर पडू द्या.

नावानं हाक मारून वळत नसेल, हसण्याला हसून उत्तर देत नसेल, वर्षाचा झाला तरी टाटा करणं, बोट दाखवणं असलं काहीच नसेल, किंवा येत असलेलं एखादं काम विसरत चालला असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : दोन वर्षांची मुलगी शेजारच्या मुलांना खेळणं देत नाही. हट्टी होईल का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. या वयात मुलं एकमेकांशेजारी आपापलं खेळतात; वाटून घेणं तीन-चार वर्षांपासून हळूहळू जमतं. मुलं यायच्या आधी तिची लाडकी बाहुली उचलून ठेवा आणि एकसारखे दोन चेंडू काढा. हातातलं हिसकावून दुसऱ्याला दिलंत, तर ती आणखी घट्ट धरेल.