वाचकांचे प्रश्न : जप्ती आली तर काय सुटतं, काय जातं

प्रश्न : कुंडई औद्योगिक वसाहतीत आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी होती. तिच्या ८० लाखांच्या कर्जाला मी व्यक्तिगत जामीन आहे. कंपनी बंद पडली. गावातलं राहतं घर तारण नाही. दिवाळखोरीचा अर्ज करण्याआधी ते मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून ठेवू का?
– एक वाचक, फोंडा तालुका

उत्तर : नको. घर वाचवायला निघालेले लोक घर घालवतात ते बहुधा याच पायरीवर. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेप्रमाणे दिवाळखोरीच्या अर्जाआधीच्या २ वर्षांतला कमी मोबदल्याचा व्यवहार रद्द करून घेता येतो, आणि मुलासारख्या जवळच्या नातेवाइकाशी केलेला व्यवहार कमी मोबदल्याचाच धरला जातो. मेव्हण्याचे हातउसने बँकेच्या आधी फेडलेत, तर त्याचीही २ वर्षं मागे जाऊन चौकशी होते. परक्याला असं झुकतं माप दिलं असेल तर ६ महिने. संहिता बाजूला ठेवली तरी धनकोंना (कर्ज देणाऱ्यांना) बुडवण्याच्या हेतूने केलेलं हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली त्यांना आव्हान देऊन रद्द करता येतं. शिवाय गोव्यात पत्नीच्या संमतीशिवाय स्थावर देता येत नाही, आणि मुलंबाळं असताना आपल्या वाट्यातला अर्धाच भाग मर्जीने देता येतो.

मग सुटतं काय? कंपनीच्या जामीनदाराला १ डिसेंबर २०१९ पासून ही संहिता लागू आहे. तिच्यात वगळलेली मालमत्ता अशी : व्यवसायाला लागणारी अवजारं, पुस्तकं, वाहन, घरातलं सामान, आयुर्विमा पॉलिसी किंवा पेन्शन योजना, आणि एकच राहतं घर, पण शहरात २० लाख आणि गावात १० लाख रुपये किमतीपर्यंतचं. (१० लाखांत आज फोंड्यात काय येतं ते तुम्हीच सांगा.) यातली प्रत्येक वस्तू तारणमुक्त हवी. बँकेच्या सांगण्यावरून विमा पॉलिसी तिच्या नावे असाइन केली, म्हणजे तिचे हक्क बँकेला लिहून दिले असतील तर ती या यादीत बसत नाही, आणि पुष्कळांना हे सही केल्याचं आठवतही नाही. कर्जाची सगळी कागदपत्रं आधी काढून वाचा.

घराची किंमत मर्यादेच्या वर गेली तर तुमचा खरा आधार पत्नीचा हिस्सा. विवाहपूर्व करार नसेल तर गोव्यात पतिपत्नींची मालमत्ता सामाईक, अर्धी-अर्धी. तुमच्या जामिनावर तिची सही नसेल आणि पैसा घरखर्चात गेला नसेल, तर तिच्या अर्ध्या भागावर तिचा दावा भक्कम आहे. तिने सहजामीन म्हणून सही केली असेल तर ती स्वतःच देणेकरी आहे. जामीनपत्राची प्रत, विवाह नोंदणीचा उतारा, घराचा दस्त आणि उपनिबंधकांकडचा एन्कम्ब्रन्स दाखला (घरावर तारण किंवा बोजा आहे का ते सांगणारा) एकत्र ठेवा. जप्ती लागलीच तर पत्नीने लिलावापूर्वी लेखी हरकत घ्यावी. विक्री झाल्यावर, किंवा मुद्दाम रेंगाळत दिलेली हरकत ऐकूनच घेत नाहीत. लग्नानंतर मालमत्तेची पद्धत बदलून घेऊ म्हणाल, तर ते होत नाही.

अर्जात सगळी मालमत्ता खरी लिहा. वगळलेली वस्तूही नोंदवूनच तिच्यावर सवलत मागायची असते. आणि चेक न वटल्याची फिर्याद या अर्जाने थांबत नाही.

प्रश्न : मी म्हापशात खाजगी नोकरी करतो, पगार ३१,००० रुपये. वैयक्तिक कर्ज थकलं, बँकेने हुकूमनामा मिळवला. दिवाळखोरी जाहीर केली तर पगार वाचेल का? वसुलीवाले तुरुंगाची धमकी देतात.
– एक वाचक, बार्देश

उत्तर : तुम्ही कंपनीचे जामीनदार नाही, तेव्हा वरची संहिता सध्या तुमच्या कामाची नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० मात्र आहे. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश जप्त होत नाहीत. तुमच्या बाबतीत १,००० + २०,००० सुटतात, १०,००० कापले जाऊ शकतात. एकाच हुकूमनाम्यासाठी अशी कपात एकूण २४ महिने, म्हणजे जास्तीत जास्त २,४०,००० रुपये. पुढे त्या हुकूमनाम्यापुरता पगार मोकळा, पण बाकीचं कर्ज माफ नव्हे. इतर मालमत्तेवर येता येतं. भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ आणि आयुर्विम्याची रक्कमही जप्तीबाहेर. कर्ज ज्या बँकेचं, तिथेच पगाराचं खातं असेल तर ते दुसरीकडे हलवा, नाहीतर बँक आपणच वळती करून घेते.

तुरुंगाचं म्हणाल तर पैसे नाहीत एवढ्यावर कोणी आत टाकत नाही. ऐपत असून टाळलं, किंवा मालमत्ता लपवली, हे न्यायालयाला पटावं लागतं.

प्रश्न : मंगळसूत्र आणि बांगड्या नेतात का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : धर्मरूढीने स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत ते दागिने दिवाणी जप्तीतून सुटतात, मंगळसूत्र त्यात येतं. दिवाळखोरीत अशा दागिन्यांना १ लाखाची मर्यादा आहे. बांगड्यांबद्दल हमी देता येणार नाही, आणि सोनेतारणात ठेवलेल्याला ही सवलत अजिबात नाही.