डॅनिश स्वारांचा कातडी कोट आणि लोखंडी चिलखत

सतराव्या शतकातील डॅनिश स्वार चित्रांत पिवळसर कातडी कोटात दिसतात. तो कोट म्हणजे चिलखत न परवडणाऱ्यांची सोय होती का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तसे नाही. जाड, निर्दोष कातड्याचा चांगला कोट महाग असे आणि श्रीमंत सरदारही तो हौसेने घालत.

चिलखत म्हटले की आपल्यापुढे कड्यांची जाळी उभी राहते. येथे मात्र पत्र्याचा विचार करायचा आहे. १५६५ साली आक्सटोर्नाच्या लढाईत डॅनिश सेनापती डॅनियल रांट्साऊच्या सैन्यात भाडोत्री जर्मन स्वार होते. अशा स्वारांचे पत्रे गंजू नयेत म्हणून बहुधा काळे केलेले असत. पुढे डेन्मार्कचा राजा ख्रिस्तियन चौथा १६२५ मध्ये जर्मनीतील युद्धात उतरला, तोवर युरोपातील जड घोडदळाच्या स्वाराचे चिलखत गुडघ्यापर्यंत येत होते आणि त्याचे वजन ३० किलोच्या आसपास जाई. बंदुकीची गोळी अडवायची तर पत्रा जाड करावा लागे, आणि ते ओझे सर्वांगावर पेलणे स्वाराला व घोड्याला अशक्य होई. म्हणून हातापायांचे पत्रे गळाले. छाती, पाठ आणि शिरस्त्राण उरले. (मानेवर झापा असलेले ते शिरस्त्राण मुळात तुर्की घडणीचे.)

उघड्या पडलेल्या अंगासाठी हा कोट आला. डॅनिश भाषेत त्याला ‘क्यूलर’ म्हणतात. बैलाच्या किंवा एल्क या महाकाय हरणाच्या कातड्यात माशाचे तेल मुरवून ते कुटून कुटून मऊ करत. पिवळा रंग त्यातूनच येई. तलवारीचा वार तो बऱ्यापैकी झेले आणि पत्रा अंगाला काचू देत नसे, पण जवळून झाडलेली गोळी अडवणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. डेन्मार्कच्या शेजाऱ्याचे, स्वीडनच्या राजा गुस्ताव्ह आडोल्फचे, उदाहरण बोलके आहे : १६२७ च्या जखमेमुळे त्याला लोखंड सहन होत नसे, म्हणून १६३२ मध्ये जर्मनीतील लुट्झनच्या लढाईत तो एल्कच्या कातड्याच्या कोटावरच लढला आणि गोळ्या लागून मेला. तो भोके पडलेला कोट स्टॉकहोमला आहे.

संग्रहालयात जुने उरस्त्राण, म्हणजे छातीचा पत्रा, दिसले, तर त्यावरचा गोलसर पोचा जरूर पाहा. पुष्कळदा तो लढाईतला नसतो. विक्रीपूर्वी कारागिराने पिस्तुलाची गोळी झाडून पत्र्याची परीक्षा घेतलेली असते.