वीस मोजली, झाली एकोणीस

विज्ञान-गणिताची आवड असलेल्या आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : साध्या लंबकानं गुरुत्व त्वरण म्हणजे ‘जी’ मोजायचा प्रकल्प करतोय. टांगणीपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत १ मीटर लांबी घेतली. २० दोलनांना ३८.२ सेकंद लागतात आणि जी येतो १०.८. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. मग वहीत सरळ ९.८ लिहावं का? (नववीतल्या तीन मैत्रिणी, परभणी)

उत्तर : मुळीच लिहू नका. तुमचे ३८.२ सेकंद बरोबर आहेत, चुकलाय तो वीसचा आकडा. घड्याळ सुरू करताना तुम्ही ‘एक’ म्हटलं असणार. त्या क्षणी एकही दोलन पूर्ण झालेलं नसतं, म्हणून ‘वीस’ म्हणता तेव्हा एकोणीसच झालेली असतात. ३८.२ ला १९ नं भागून बघा. दोलनकाल (एका दोलनाचा वेळ) २.०१ सेकंद येतो आणि जी (४ × पायचा वर्ग × लांबी ÷ दोलनकालाचा वर्ग) ९.७७. चारही वेळा एकच उत्तर आलं यातच खरं तर चुकीचा पत्ता होता. हात चुकला की उत्तर कधी वर जातं, कधी खाली. पद्धत चुकली की ते दरवेळी एकाच बाजूला जातं.

आता पुन्हा मोजा, पण मांडणी थोडी सुधारून. शिवणाच्या दोऱ्याचा पीळ सुटतो आणि गोळा स्वतःभोवती गिरक्या घेतो, म्हणून मासेमारीची तंगूस घ्या. ती खिळ्याला बांधू नका. झोक्याबरोबर दोरा खिळ्यावर किंचित गुंडाळला जातो आणि लंबकाची लांबी सतत बदलत राहते. खोडरबराचे दोन तुकडे करून त्यांत तंगूस दाबा आणि ते लाकडी चिमट्यात घट्ट आवळा. गोळा म्हणून गवंड्याचा ओळंबा उत्तम. लांबी मोजायची ती ओळंबा टांगलेला असतानाच, कारण वजनानं दोरा थोडा ताणला जातो.

ओळंबा स्थिर असताना त्याच्या मागे भिंतीवर खडूची उभी रेघ मारा. घड्याळ या रेघेवरच सुरू करायचं आणि इथेच थांबवायचं. टोकाला गोळा रेंगाळतो, तिथे नेमका क्षण पकडता येत नाही. मोजणी ‘तीन, दोन, एक, शून्य’ अशी करा आणि शून्याला बटण दाबा. गोळा त्याच दिशेनं पुन्हा रेघ ओलांडेल तेव्हाच एक दोलन धरा. १ मीटरच्या लंबकाला बाजूला १५ सेंमी खेचलं तरी पुष्कळ. ३० अंशांवरून सोडलात तर दोलनकाल जवळजवळ पावणेदोन टक्के वाढतो आणि जी साडेतीन टक्के कमी येतो. सोडताना धक्का लागला तर गोळा लंबवर्तुळात फिरू लागतो. तो फेरा सोडून द्या.

वीसच दोलनं का, असं परीक्षक हमखास विचारतील. बोट साधारण ०.२ सेकंद मागेपुढे होतं. ४० सेकंदांत ते अर्धा टक्का, पण २ सेकंदांच्या एकाच दोलनात दहा टक्के. शिवाय सूत्रात दोलनकालाचा वर्ग असल्यामुळे जीमधली चूक याच्या दुप्पट होते.

ओळंब्याचा गुरुत्वमध्य नेमका कुठे, ही अडचण उरते. ती आलेखानं सुटते. ४०, ६०, ८०, १०० आणि १२० सेंमी अशा पाच लांब्या घ्या. मोजताना फक्त ओळंब्याच्या कडीपर्यंतच मोजा. आडव्या अक्षावर मीटरमधली लांबी, उभ्यावर दोलनकालाचा वर्ग. बिंदू सरळ रेषेत येतील आणि तिचा चढ (उभी वाढ भागिले आडवी वाढ) ४.०३ च्या आसपास निघेल. ३९.४८ ला (म्हणजे पायच्या वर्गाच्या चौपटीला) या चढानं भागलं की जी मिळाला. लांबी दरवेळी सारखीच कमी धरली गेली तर रेषा सरकते, चढ बदलत नाही. ती आडव्या अक्षाला शून्याच्या डावीकडे जिथे छेदते, तेवढी लांबी तुमची मोजायची राहिली होती. महाराष्ट्रात जी ९.७८ ते ९.७९ च्या दरम्यान असतो, तेव्हा ९.७७ ची लाज वाटायला नको.

प्रश्न : मुलगी नववीत आहे, तिला गणितात गोडी आहे. आमच्या गावात ऑलिंपियाडचा (गणित स्पर्धेचा) क्लास नाही. तयारी कशी करावी? (एक पालक, चिपळूण)

उत्तर : आधी एक गोंधळ दूर करू. शाळेत फी भरून होणाऱ्या कित्येक परीक्षांच्या नावात ‘ऑलिंपियाड’ असतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी वाट वेगळी आहे आणि तिची पहिली पायरी आयओक्यूएम (इंडियन ऑलिंपियाड क्वालिफायर इन मॅथेमॅटिक्स) ही परीक्षा. तीन तास, ३० प्रश्न, १०० गुण. प्रत्येक उत्तर ०० ते ९९ मधला पूर्णांक असतो, पर्याय दिलेले नसतात. पुढे आरएमओ म्हणजे विभागीय ऑलिंपियाड (६ प्रश्न, ३ तास) आणि आयएनएमओ म्हणजे राष्ट्रीय ऑलिंपियाड (६ प्रश्न, साडेचार तास). तिथे नुसतं उत्तर चालत नाही, सिद्धता लिहावी लागते. मुंबईत मानखुर्दला असलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. नोंदणीच्या तारखाही दरवर्षी तिथूनच तपासा.

क्लास नसण्यानं फारसं अडत नाही. अडतं ते दहा मिनिटांत उत्तर उघडून बघण्यानं. आठवड्याला दोनच प्रश्न द्या आणि एकेक प्रश्न तीन दिवस घोळू द्या. हा घ्या पहिला : १ ते १०० मधल्या कोणत्याही ५१ संख्या निवडल्या, तर त्यांत अशा दोन असतातच की एकीनं दुसरीला निःशेष भाग जातो. का? अडली तर १ ते १० मधल्या सहा संख्या घेऊन बघू दे. तरीही अडली तर एवढंच सांगा की प्रत्येक संख्या ‘विषम संख्या गुणिले दोनचा घात’ अशी लिही आणि विषम भाग किती प्रकारचे ते मोज. सुटल्यावर विचारा : ५० संख्या घेतल्या तर?

प्रश्न : आठवीतल्या मुलाला दुर्बीण हवी आहे. खोक्यावर ‘५२५ पट’ लिहिलेली घ्यावी का? (सोलापूर)

उत्तर : नको. भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याच्या दुपटीपलीकडचं वर्धन फक्त धूसरपणा वाढवतं. ६० मिमी भिंगाला १२० पट ही मर्यादा. त्यात तिकाटणं हलकं असेल तर चित्र थरथरत राहतं. १०×५० ची (१० पट वर्धन, ५० मिमी भिंग) द्विनेत्री, म्हणजे दोन डोळ्यांची दुर्बीण घ्या, कोपर कठड्यावर टेका आणि गुरूचे चंद्र रोज एकाच वेळी वहीत काढा. गॅनिमिडला एका फेरीला सात दिवस लागतात, कॅलिस्टोला जवळजवळ सतरा. पंधरवड्यात नकाशा हलताना दिसतो. आयो हा चंद्र मात्र गुरूच्या झळाळीत बऱ्याचदा हरवतो. सूर्याकडे द्विनेत्री कधीही वळवायची नाही. दुर्बिणीबरोबर नेत्रभिंगावर बसवायचा सूर्यफिल्टर आला तर टाकून द्या, उष्णतेनं तो तडकतो.

प्रश्न : प्रयोगशाळा नाही, शनिवारी एक तास आणि बारा मुलं आहेत. काय घ्यावं? (शिक्षिका, तालुक्याची शाळा)

उत्तर : कागद. तिघातिघांचे गट करा आणि प्रत्येकाला ए-फोर कागद द्या. कोपरा दुमडून आखूड बाजूवर चौरस तयार करा. दुमडलेली कडा हा त्याचा कर्ण, तो दुसऱ्या कागदाच्या लांब बाजूला लावून बघा. तंतोतंत जुळतो, कारण २९७ भागिले २१० म्हणजे १.४१४. कागद मधोमध कापला तर अर्ध्याचाही आकार तोच का राहतो, हे मुलांनी सिद्ध करायचं. मग फुलस्केप द्या, तिथे हे फसतं, आणि का फसतं यावरच चर्चा रंगते. एखादा हुशार मुलगा दोन मिनिटांत उत्तर ओरडून सगळ्यांचा तास संपवतो. म्हणून पहिली वीस मिनिटं उत्तर चिठ्ठीवर लिहून तुमच्याकडे द्यायचं, बोलायचं नाही.